गरम झाल्यावर मियाटाचं आयडलिंग का झुलतं: व्हॉल्व्ह विकत घेण्याआधी काय तपासायचं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. गाडी १९९१ ची माझदा मियाटा, १.६ लिटरचं इंजिन, पाच गिअर, मॅन्युअल. न्यू जर्सीत दोन हिवाळे ती झाकून उभी होती. गार इंजिन नीट चालतं. गरम झालं की आयडलिंग (पाय उचललेला असतानाचा इंजिनचा वेग) मिनिटाला ६०० ते १२०० फेऱ्यांच्या मध्ये झुलत राहतं, आणि सिग्नलजवळ येऊन क्लच दाबला की काटा खाली पडतो, कधी गाडी बंदच होते. हायवेवर तक्रार नाही, पण पिकअप पूर्वीपेक्षा मंद वाटतो. प्लग आणि प्लगच्या वायरी नव्या आहेत, थ्रॉटल बॉडी स्वच्छ केली आहे, काही महिन्यांपूर्वी टायमिंग बेल्ट बदलला आहे, आणि मधे कुणीतरी आयडलचा स्क्रू फिरवून पाहिला आहे. गॅरेजवाला म्हणतो आयएससी व्हॉल्व्ह (आयडलची हवा कमीजास्त करणारा) बदला. तुम्ही विचारता, बदलू का?

आत्ता नको. तो व्हॉल्व्ह खराब असूही शकतो, पण तुम्ही दिलेल्या माहितीत त्याच्यापेक्षा जास्त संशयास्पद तीन गोष्टी आहेत: स्वच्छ केलेली थ्रॉटल बॉडी, फिरवलेला स्क्रू आणि बदललेला बेल्ट. ज्या जागी अलीकडे हात लागला ती जागा आधी तपासायची. तिथे पैसे लागत नाहीत.

खरा प्रश्न असा धरा: गरम झाल्यावर इंजिनला स्वतःचा वेग का सावरता येत नाही? गार असताना ईसीयू (इंजिनचा संगणक) पेट्रोल जास्त सोडतो, आणि थ्रॉटलखालच्या व्हॉल्व्हमधला मेणाचा भाग उघडा राहून जादा हवा आत घेतो. या दोन्हींमुळे बारीकसारीक दोष झाकले जातात. गरम झालं की दोन्ही मदती बंद होतात आणि मूळ दोष उघडा पडतो. म्हणून ‘गार असताना ठीक’ या वाक्याने बराच निकाल लागतो. एखादा सिलेंडर मुळातच कमकुवत असता किंवा प्लगची ठिणगी पडत नसती, तर गार असतानाही इंजिन थरथरलं असतं.

‘आयडलिंग बिघडलंय’ म्हणताना तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र होतात, त्या आधी वेगळ्या करा. काटा ठरावीक लयीत वर-खाली होतो, ते झुलणं. काटा जवळपास स्थिर आहे पण गाडी दर सेकंदाला धडधडते, सायलेन्सरमधून फट-फट येते, ते मिसिंग. आणि वेग सोडल्यावर काटा सरळ खाली जाऊन इंजिन बंद पडतं, तो तिसरा प्रकार. तुमच्याकडे पहिला आणि तिसरा आहे, दुसरा तुम्ही लिहिलेला नाही. तरी खात्री करून घ्या. गरम इंजिन चालू ठेवून इंजेक्टरचे प्लास्टिक कनेक्टर एकेक करून काढा आणि लगेच लावा. प्रत्येक वेळी वेग सारखाच पडला तर चारही सिलेंडर काम करताहेत. एखाद्याचा कनेक्टर काढूनही फरक पडला नाही तर दोष त्या सिलेंडरमध्ये. प्लगच्या वायरी ओढून ही चाचणी करू नका. या इंजिनात दोन कॉइल आहेत, एक १ आणि ४ साठी, दुसरी २ आणि ३ साठी, आणि दोन्ही प्लगना एकाच वेळी ठिणगी जाते. वायर मोकळी सोडली तर कॉइलवर ताण येतो आणि झटका तुम्हाला बसतो. १ आणि ४ दोन्ही मंद निघाले तर कॉइलकडे पाहा. एकटाच सिलेंडर मंद असेल तर त्याची वायर, प्लग, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन.

पाना हातात घेण्याआधी दोन फुकटची कामं आहेत. पहिलं, इंजिन गार असताना रेडिएटरचं झाकण उघडून कूलंट काठोकाठ आहे का पाहा. मेणाच्या भागाला ऊब कूलंटमधूनच मिळते. कूलंट कमी असेल किंवा आत हवेचा फुगा अडकला असेल तर मेण गरमच होत नाही, जादा हवेची वाट उघडी राहते आणि आयडलिंग झुलायला लागतं. इंजिन तापल्यावर थ्रॉटल बॉडीखाली जाणारे दोन बारीक पाइप हाताने चाचपा, दोन्ही गरम लागले पाहिजेत. दुसरं, ईसीयूने नोंदवलेले कोड वाचून घ्या. बॉनेटखालच्या डायग्नॉसिस डबीत टीईएन आणि जीएनडी ही दोन टोकं वायरच्या तुकड्याने जोडा, किल्ली ऑन करा आणि चेक इंजिनचा दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजा. डॅशवर तो दिवा नसेल तर त्याच डबीतल्या बी प्लस आणि एफईएनमध्ये १२ व्होल्टचा एलईडी लावून मोजता येतं. २ आणि ३ म्हणजे कॅम अँगल सेन्सर (कॅमशाफ्टची स्थिती सांगणारा), ८ एअरफ्लो मीटर, ९ कूलंटचा सेन्सर, १५ आणि १७ ऑक्सिजन सेन्सर, ३४ आयएससी व्हॉल्व्ह. कोड आला नाही म्हणजे सगळं ठीक, असं मात्र नाही. हा जुना ईसीयू वायर तुटली की ओळखतो. हवेची गळती किंवा सरकलेलं टायमिंग त्याला कळत नाही.

आता हवा. १.६ च्या मियाटात एअरफ्लो मीटर झडपेचा आहे. १९९४ पासूनच्या १.८ मध्ये तारेचा मीटर आला, तिकडचे सल्ले इकडे जसेच्या तसे लावू नका. हवा आत जाताना झडप ढकलते, झडप किती उघडली त्यावरून ईसीयू पेट्रोल मोजून देतो. जकात नाका चुकवून आलेल्या मालाची नोंद होत नसे, तसंच मीटरच्या पुढे कुठल्याही फटीतून शिरलेल्या हवेचं पेट्रोल दिलं जात नाही. हायवेवर एकूण हवा इतकी असते की ती चोरटी हवा जाणवत नाही. आयडलवर तीच हवा मोठा हिस्सा होते.

पहिला संशयित म्हणजे मीटरपासून थ्रॉटल बॉडीपर्यंत इंजिनच्या पुढून आडवा जाणारा पाइप आणि त्याचे रबरी घडीचे भाग. हवेची पेटी एक्झॉस्टच्या बाजूला आहे, थ्रॉटल बॉडी दुसऱ्या बाजूला, त्यामुळे इंजिन हललं की हा पाइप पिळला जातो. घड्यांच्या तळाशी चीर पडते, आणि ती नेमकी खालच्या बाजूला असते, वरून पाहिल्यावर रबर नव्यासारखं दिसतं. पाइप उतरवून उजेडात धरा आणि घड्या ताणून आतबाहेर पाहा. थ्रॉटल बॉडी स्वच्छ करताना हा पाइप काढला असणारच. परत लावताना क्लिप नीट बसली नाही, रबराचा ओठ आत दुमडला गेला, असं पुष्कळदा होतं.

मीटरच्या पुढे क्रँककेसही (इंजिनच्या पोटातली पोकळी) येतो, हे लोक विसरतात. ऑइल भरायच्या झाकणाची रबरी रिंग, डिपस्टिकची ओ-रिंग, व्हॉल्व्ह कव्हरमध्ये पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसमधली वाफ परत इंजिनात नेणारा) बसतो तो रबरी बूच, हे सगळं हवाबंद हवं. तीस वर्षांत ते बूच प्लास्टिकसारखं कडक होतं. याची चाचणी सोपी आहे: आयडलवर ऑइलचं झाकण उघडा. सगळं हवाबंद असेल तर इंजिन लगेच अडखळतं किंवा बंद पडतं. झाकण उघडून काहीच फरक पडला नाही, तर हवा आधीपासूनच दुसरीकडून येते आहे. मग ब्रेक बूस्टरचा जाड पाइप, चारकोल कॅनिस्टरचा (पेट्रोलची वाफ धरून ठेवणाऱ्या डब्याचा) बारीक पाइप, पेट्रोलचा दाब राखणाऱ्या प्रेशर रेग्युलेटरचा व्हॅक्यूम पाइप आणि शेवटी इनटेक मॅनिफोल्डची गॅस्केट, या क्रमाने बघा. ब्रेक बूस्टरच्या बाबतीत आणखी एक: आयडलवर पेडल दाबल्यावर सुस्कारा ऐकू येत राहिला आणि वेग बदलला, तर गळती बूस्टरच्या पडद्यातच आहे.

कार्बोरेटर क्लीनर मारून गळती शोधायची जुनी पद्धत चालते, पण तो फवारा एक्झॉस्टवर किंवा प्लगच्या वायरींवर गेला तर आग लागते. जवळच्या गॅरेजात धुराची चाचणी होत असेल तर ती करून घ्या. धूर मीटरच्या पुढच्या पाइपातून सोडायला सांगा. हवेच्या पेटीतून सोडला तर मिटलेली झडप त्याला अडवते.

मीटरही पाहून घ्या. हवेची पेटी उघडून बोटाने झडप सावकाश ढकला: कुठेही न अडकता उघडली पाहिजे आणि स्वतःहून पूर्ण मिटली पाहिजे. वरचं काळं झाकण उघडून आतल्या स्प्रिंगचं दातेरी चाक फिरवू नका. ते फिरवून मिश्रण ‘सुधारतं’ असं सांगणारे भेटतील, पण त्याने गळती तशीच राहते आणि वरून मापही चुकतं. याच मीटरमध्ये पेट्रोल पंपाचा स्विच आहे: झडप किंचित उघडली की पंप चालू, पूर्ण मिटली की बंद. वेग एकदम सोडल्यावर झडप क्षणभर आपटून मिटते. तो स्विच झिजला असेल किंवा झडप अडकत असेल तर त्याच क्षणी पंप थांबतो आणि गाडी बंद पडते. तुमचा सिग्नलचा अनुभव याच्याशी जुळू शकतो. डायग्नॉसिस डबीत एफ/पी आणि जीएनडी जोडलं की पंप सतत चालतो. गाडी दारातच उभी ठेवून तसं जोडा, ३००० पर्यंत रेस करून एकदम सोडा, आठदहा वेळा. जोड असताना बंद पडत नाही आणि काढल्यावर पडते, तर मीटर दोषी. ती वायर लावून रस्त्यावर मात्र जाऊ नका, अपघातात इंजिन थांबलं तरी पंप पेट्रोल ओतत राहतो.

आता थ्रॉटल बॉडी. मॅन्युअल गिअरच्या १.६ मध्ये थ्रॉटल सेन्सर म्हणजे साधा स्विच आहे. तो दोनच गोष्टी सांगतो: पाय पूर्ण उचललेला आहे, किंवा पेडल तळापर्यंत दाबलेलं आहे. ‘पाय उचललेला’ हा इशारा मिळाला तरच ईसीयू आयडल सांभाळायला येतो. स्विच जरासा जरी सरकला तरी तो इशारा पोचत नाही, आणि क्लच दाबल्यावर वेग सरळ खाली जातो. तपासायला फीलर गेज आणि मल्टिमीटर लागतो. थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू आणि त्याच्या आडव्या पट्टीमध्ये ०.४ मिमीची पाती घाला: आयडलच्या टोकाला सर्किट जुळलेलं दिसलं पाहिजे. ०.७ मिमीची घाला: सर्किट तुटलं पाहिजे. तसं नसेल तर सेन्सरचे दोन स्क्रू ढिले करून तो किंचित फिरवा. त्याआधी ॲक्सिलरेटरच्या केबलला थोडी ढील आहे का बघा. केबल ताठ असेल तर थ्रॉटल कधी पूर्ण मिटतच नाही. तो स्टॉप स्क्रू आयडल वाढवण्यासाठी नसतो, त्याला हात लावू नका. आयडलचा स्क्रू वेगळा, थ्रॉटल बॉडीवर छोट्या टोपीखाली.

झुलण्यामागचं कारण इथेच कळतं. थ्रॉटल मिटलेला आहे पण वेग ठरावीक मर्यादेच्या वर आहे, असं दिसलं की ईसीयूला वाटतं गाडी उतारावर आहे, आणि तो पेट्रोल तोडतो. वेग पडतो, पेट्रोल परत सुरू होतं, वेग चढतो, परत तोडलं जातं. गळतीच्या हवेमुळे किंवा स्क्रू जास्त उघडल्यामुळे मूळ आयडल चढलेलं असेल तर हे चक्र थांबत नाही. गाडी बंद पडते म्हणून कुणीतरी स्क्रू उघडला, म्हणून ती झुलायला लागली, असा क्रम तुमच्याकडे झालेला असू शकतो. म्हणजे बंद पडण्याचं कारण वेगळं शोधायचं, आणि ते सापडलं की स्क्रू परत जागेवर आणायचा.

आता बेल्ट. माझा सगळ्यात जास्त संशय इथे आहे, कारण ‘पिकअप मंद’ हे हवेच्या गळतीने सहसा होत नाही, आणि तुमच्याकडे ते बेल्टनंतर सुरू झालं का हे तुम्ही लिहिलेलं नाही. आठवून पाहा.

टायमिंग लाइट १ नंबरच्या वायरीला लावा. इंजिन पूर्ण गरम, एसी, दिवे, ब्लोअर बंद, रेडिएटरचा पंखा फिरत नसताना, टीईएन-जीएनडी जोडून बघा. क्रँकच्या पुलीवरची खूण १० अंशांवर दिसली पाहिजे, एक अंश इकडेतिकडे चालतो. दोन काळज्या घ्या. या इंजिनात प्रत्येक फेरीला ठिणगी पडते, त्यामुळे आकडा दाखवणारे काही डिजिटल लाइट वेग दुप्पट वाचतात आणि अंशही चुकीचे देतात. साधा लाइट वापरा किंवा ॲडव्हान्सचं बटण शून्यावर ठेवा. दुसरं, क्रँकच्या पुलीत रबराचा थर असतो, तो सुटला की बाहेरची कडी सरकते आणि खूणच खोटी ठरते. १ नंबरचा प्लग काढून भोकात प्लास्टिकची लांब नळी घाला, क्रँक हाताने फिरवून पिस्टन वरच्या टोकाला आणा आणि तेव्हा पुलीची खूण कव्हरवरच्या ‘टी’ अक्षरावर येते का पाहा.

लाइट खरं काय दाखवतो ते लक्षात घ्या. कॅम अँगल सेन्सर हेडच्या मागे कॅमशाफ्टवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर) फिरतो, खूण क्रँकवर (पिस्टन फिरवतात त्या दांड्यावर) आहे. म्हणजे तुम्ही ठिणगी बघत असलात तरी तुलना कॅम आणि क्रँकची होते आहे. बेल्ट एक दात चुकला किंवा क्रँकची चावी (दातेरी चाक क्रँकवर जागच्या जागी धरणारा छोटा धातूचा तुकडा) झिजली तर दोन्ही कॅम मागे पडतात, त्यांच्याबरोबर सेन्सर मागे पडतो, ठिणगी उशिरा पडते. मेकॅनिक सेन्सर फिरवून खूण परत १० वर आणतो. आयडलिंग जरा बरं होतं, पण व्हॉल्व्ह उशिराच उघडत राहतात, आणि पिकअप मंदच राहतो. म्हणून खूण १० वर असली तरी सेन्सरची पकड कुठे आहे ते बघा. बोल्ट खाचेच्या अगदी टोकाला गेला असेल तर काहीतरी सरकलेलं आहे.

याला दुजोरा व्हॅक्यूम गेज देतो. मॅनिफोल्डच्या व्हॅक्यूम पाइपला तीन तोंडांचा जोड घालून लावा. समुद्रसपाटीजवळ निरोगी गरम इंजिन आयडलवर साधारण १८ ते २० इंच पारा स्थिर दाखवतं. काटा स्थिर पण १४-१५ वर अडकलेला असेल तर व्हॉल्व्ह टायमिंग उशिरा आहे किंवा मोठी गळती आहे. काटा लयीत थरथरत असेल तर एखादा सिलेंडर किंवा व्हॉल्व्ह.

मग बेल्टचं वरचं कव्हर उघडा. क्रँक घड्याळाच्या दिशेने फिरवून १ नंबर वर आणा. इनटेकच्या चाकावरचं ‘आय’ आणि एक्झॉस्टच्या चाकावरचं ‘ई’ मागच्या पत्र्यावरच्या खुणांसमोर आलं पाहिजे, आणि त्या दोन अक्षरांच्या मध्ये बेल्टचे १९ दात मोजले गेले पाहिजेत. दोन पूर्ण फेऱ्या फिरवून पुन्हा मोजा, ताण बसल्यावर दात सरकतात. या इंजिनात बेल्ट चुकला किंवा तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत, त्यामुळे चुकलेला बेल्ट घेऊनही गाडी महिनोन्महिने चालते आणि कुणाला संशय येत नाही.

बेल्ट बरोबर असेल तर क्रँकच्या टोकाकडे. १९९० च्या आणि १९९१ च्या सुरुवातीच्या गाड्यांत क्रँकशाफ्टचं पुढचं टोक आखूड होतं. तुमची गाडी दोन्हींपैकी कुठलीही असू शकते, पण ओळखणं सोपं आहे: खाली वाकून टॉर्चच्या उजेडात क्रँकचा मधला बोल्ट पाहा. त्याभोवती पुलीच्या बॉसला (मधल्या जाड भागाला) चार मोठ्या खाचा असतील तर आखूड टोक, आठ लहान असतील तर लांब टोक. आखूड टोकाचा बोल्ट बेल्टच्या कामात नीट आवळला गेला नाही, तर चावी तिच्या खाचेत डुगडुगायला लागते, खाच रुंद होत जाते आणि टायमिंग हळूहळू मागे सरकतं. बेल्ट बदलल्यावर काही महिन्यांनी पिकअप जाणं, आयडलिंग बिघडणं, हे या दोषाचं ठरलेलं चित्र आहे. इंजिन चालू असताना पुढून पुलीकडे पाहा: कडा सरळ फिरते की लचकते? बंद करून पुली हाताने पुढेमागे हलवा. जरासुद्धा खुटखुटली तर पुढची कोणतीही चाचणी करू नका.

खाच अजून शाबूत असेल तर नवी चावी, क्रँकचं नवं दातेरी चाक, नवा बोल्ट, आणि टॉर्क रेंचने आवळणी. आखूड आणि लांब टोकाचे टॉर्क वेगळे आहेत, मॅन्युअलमध्ये आपल्या टोकाचाच आकडा पाहा. खाच रुंद झाली असेल तर काही जण लॉकटाइट ६६० सारखं भरण वापरून चावी बसवतात. टोकाची झीज थोडी असेल तर ते टिकतं, पण मी त्याला शेवटचा उपाय म्हणेन. झीज जास्त असेल तर दुसरा क्रँक किंवा लांब टोकाचं वापरलेलं इंजिन घेणं हेच शहाणपणाचं.

पेट्रोलचं लवकर उरकतो, कारण हायवेवर तुमची तक्रार नाही. दोन हिवाळ्यांचं जुनं पेट्रोल टाकीत असेल तर आधी ते काढा, आणि मागच्या चाकाजवळचा फिल्टर कधी बदलला ते माहीत नसेल तर बदला. दाब मोजायचा तर रेग्युलेटरचा व्हॅक्यूम पाइप काढून ३८ ते ४६ पीएसआय हवा, लावल्यावर तो कमी होतो. काढलेल्या त्या पाइपात पेट्रोलचा ओलावा किंवा वास आला तर रेग्युलेटरचा पडदा फाटला आहे, आणि गरम आयडलिंग बिघडायला तेवढं पुरतं. इंजेक्टरचा रोध १२ ते १६ ओहम. हेडच्या मागे बसलेला कूलंटचा सेन्सर २० अंशांना २.२ ते २.७ किलोओहम आणि ८० अंशांना ०.२९ ते ०.३५ किलोओहम दाखवतो. गरम असतानाही मोठा आकडा दाखवत असेल तर ईसीयूला इंजिन गारच वाटतं आणि तो पेट्रोल ओतत राहतो. काळे पडलेले प्लग याची साक्ष देतात.

ठिणगीचे भाग तुम्ही नुकतेच बदललेत. तरी प्लगची फट १.० ते १.१ मिमी आहे का मोजा आणि प्लगच्या विहिरीत ऑइल साचलंय का पाहा. व्हॉल्व्ह कव्हरची गॅस्केट गळत असेल तर नव्या वायरींची रबरी टोकंही काही महिन्यांत फुगून खराब होतात. वायरींचा रोध दर मीटर लांबीला १६ किलोओहमच्या आसपास असतो. हेडवरची टिक-टिक हायड्रॉलिक टॅपेटची असते, ती आणि आयडलिंग यांचा संबंध जोडू नका. इंजेक्टरच्या चाचणीत एखादा सिलेंडर मंद निघाला तरच कॉम्प्रेशन घ्या: चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडून, कॅम अँगल सेन्सरचा कनेक्टर काढून. नवं इंजिन १९२ पीएसआय देतं, १३५ च्या खाली गेलं तर झिजलं, आणि सिलेंडरांमधला फरक २८ पेक्षा जास्त नको.

हे सगळं नीट निघालं तर आता आयएससी व्हॉल्व्ह. गरम आयडलवर टीईएन-जीएनडी न जोडता त्याचा कनेक्टर काढा, वेग बदलला पाहिजे. रोध ११-१२ ओहमच्या आसपास हवा. वेग बदलत नसेल पण रोध ठीक असेल तर बहुधा आत काजळी आहे. थ्रॉटल बॉडी उतरवून व्हॉल्व्ह वेगळा करा, हवेच्या वाटा क्लीनरने धुवा, विजेचा भाग भिजवू नका, पूर्ण वाळू द्या आणि गॅस्केट नवी घाला. रोधच चुकीचा असेल तर विकत घ्या.

तर तुमच्यासाठी क्रम असा: कूलंट, कोड, पुलीच्या खाचा आणि लचक, आडवा पाइप, ऑइलचं झाकण, थ्रॉटलचा स्विच, टायमिंग लाइट, व्हॅक्यूम गेज. इतकं एका सकाळीत होतं. त्यातल्या पुली आणि टायमिंगच्या उत्तरावर पुढचं बरंच अवलंबून आहे. मूळ आयडल सगळ्यात शेवटी लावायचं: गरम इंजिन, टीईएन-जीएनडी जोडलेलं, आधी टायमिंग १० अंश, मग स्क्रूने ८५०, पन्नास इकडेतिकडे. टायमिंग हललं की वेगही बदलतो, म्हणून दोन्ही एकेकदा पुन्हा पाहायचे. डॅशवरच्या काट्यावर विसंबू नका, डबीतल्या आयजी मायनस टोकाला टॅकोमीटर जोडून वाचा. बरेच मियाटावाले टायमिंग १४ अंशांवर ठेवतात. दोष सापडून १० वर इंजिन स्वस्थ चालेपर्यंत तो प्रयोग नको. झाल्यावर जोडवायर काढा, डिकीतल्या बॅटरीची निगेटिव्ह सोडून थोडा वेळ ब्रेक पेडल दाबून धरा, म्हणजे जुने कोड पुसले जातात.

तोपर्यंत गाडी चालवायची का, हेही तुम्ही विचारलंय. नुसतं झुलत असेल तर जवळपास जायला हरकत नाही. बंद पडत असेल तर रहदारीत नेऊ नका: इंजिन थांबल्यावर ब्रेकला एकदोनदाच मदत मिळते, आणि पॉवर स्टीअरिंग असेल तर ते अचानक जड होतं. आणि पुली लचकताना दिसली तर गॅरेजपर्यंतसुद्धा टो करूनच न्या. त्या अवस्थेत चाललेला प्रत्येक मैल क्रँकची खाच आणखी खातो.